गायक : अज्ञात

“कुत्र्याचं नाव आहे,” ती म्हणाली. “सॅक्सोफोनवाल्याच्या कुत्र्याचं. शेवटच्या पानावर, ‘सहनशीलतेबद्दल आभार’ म्हणून. माझ्या वडिलांचं नाही.”

निर्मात्याने अल्बमची पुस्तिका उलटी धरून झटकल्यासारखी केली. नाव कुठेतरी चिकटून बसलं असेल तर पडावं म्हणून असेल.

पुस्तिका देखणी होती. सात देशांची पारंपरिक गाणी आणि त्यांच्याभोवती जॅझ, अशा मालिकेतला हा तिसरा अल्बम. त्यात ड्रमवाल्याचं नाव होतं, ड्रमची कातडी ताणून देणाऱ्याचं होतं, स्टुडिओत कॉफी पुरवणाऱ्याचं होतं. चौथ्या गाण्यासमोर मात्र छापलं होतं : ‘करवत ओढणाऱ्यांचे गीत. गायक : अज्ञात.’

ती छापखान्यात मुद्रितशोधक होती. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करत आली होती. दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तिच्याच टेबलावर आली, तेव्हा त्या पानावर तिला ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका सापडल्या आणि एक अज्ञात.

अज्ञात आत्ता तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, तळहातावर करवतीचे अजून न गेलेले घट्टे, आणि समोरच्या बिस्किटाला हात लावावा की नाही या विचारात.

“आबा, घ्या हो.”

“नंतर,” आबा म्हणाले.

टेबलाच्या टोकाशी डॉक्टर होते. औषधाचे नव्हेत, लोकसंगीताचे. बेचाळीस वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डर घेऊन लाकडाच्या वखारीत हेच आले होते. पुस्तिकेतलं चार पानी टिपणही यांचंच. बोलण्यापूर्वी त्यांनी पेनाने टेबलावर दोनदा टकटक केली आणि घसा मोकळा केला.

“बाई, मी बाराशे गळे टिपले आहेत. कुणाकुणाची नावं लिहिणार? आणि लोकगीत हे लोकांचं असतं. नाव आलं की लोक संपले.”

“तुमचं नाव सात ठिकाणी आहे.”

“मी लोक नव्हे,” डॉक्टर म्हणाले.

तिने पिशवीतून एक नक्कल काढली. मूळ टेपच्या डबीवरची चिठ्ठी. ती मिळवायला तिने संग्रहालयाच्या चार खेपा घातल्या होत्या.

“हे तुमचंच अक्षर. यंत्राचा क्रमांक आहे. माइकचा प्रकार आहे. हवामान, अंशतः ढगाळ. आणि खाली, करवत्या, वय अंदाजे तीस. ढगांची विचारपूस केलीत, माणसाला नाव विचारताना काय तोंड दुखत होतं?”

“घाईत होते गं ते,” आबा समजुतीने म्हणाले. “जीप थांबली होती बाहेर.”

“आबा, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका.”

बेचाळीस वर्षं आबा सांगत आले होते की आपलं गाणं टेपात आहे. वखार हसली. सासुरवाडी हसली. “सापडलं की मलाही ऐकवा,” असं म्हणत म्हणत तिची आई गेली. पुढे यंत्राची करवत आली, करवतीच्या दुसऱ्या टोकाचा जोडीदार गेला आणि आबांनी पुन्हा ते गाणं म्हटलं नाही. मुलीने कधी ऐकलंच नव्हतं. अल्बम हाती आल्यावरही तिने तो आबांना ऐकवला नाही. आधी नाव छापून आणायचं, पुस्तिका त्यांच्या हातात ठेवायची आणि मग ऐकवायचं, असं तिने ठरवलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा चढवून स्वतःचं टिपण वाचायला घेतलं. “‘आरंभीचे दोन ठोके म्हणजे वृक्षाकडे मागितलेली परवानगी. त्यामागून येणारा हुंकार किमान तीनशे वर्षे जुना. असा निर्मळ, असंस्कारित गळा शिकल्यासवरल्या माणसाला लाभणे नाही.’ आता सांगा, याहून मोठा सन्मान कोणता?”

“नाव,” ती म्हणाली.

निर्माता मध्ये पडला. “हे बघा, त्या हुंकारावरच तर गाणं उभं आहे. टेप लावली आणि पहिल्या बारा सेकंदांतच आम्ही गार. पुढचं ऐकायची गरजच पडली नाही. तेवढंच नऊ मिनिटं फिरवलं, वर सॅक्सोफोन.”

“मग लिहून द्या. चौथ्या गाण्यासमोर, ज्याचा आवाज त्याचं नाव. आणि नावापुढे डॉक्टरांचं ते वाक्य, जसंच्या तसं. निर्मळ, असंस्कारित, सगळं.”

“द्या हो,” डॉक्टरांनी हात झटकला. “अभ्यासकाला भीती कसली?”

त्यांनी लफ्फेदार सही केली. निर्मात्याने त्याखाली केली. तिने कागद दोनदा वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि पर्समध्ये ठेवला.

“आता आबांना ऐकवा.” ती म्हणाली.

निर्मात्याने बटण दाबलं. ठक, ठक. मग खर्जातून निघून वर जाता जाता मोडणारा एक लांब हुंकार. पुन्हा ठक, ठक. पुन्हा हुंकार. त्याच्या पाठीमागून दबक्या पावलांनी सॅक्सोफोन आला. डॉक्टरांनी डोळे मिटले. आबा मान तिरपी करून चांगल्या कानाने ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं.

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. “ओळखलंत ना, आबा?”

“न ओळखायला काय झालं?” आबांनी अखेर बिस्किट उचललं आणि ते डॉक्टरांच्या दिशेने रोखलं. “साहेब आहेत हे. आधी माइकवर दोनदा टकटक करायचे, मग यंत्राचा काटा हलतो का बघायला असंच घुमायचे, आणि मग मला म्हणायचे, हं, आता तू गा.”