छातीचं माप

“हाई कोन घालस?” कौतिकनानांनी विचारलं.

मगनशेठने काळी रबरी बंडी काउंटरवर पसरली. धुळ्यातल्या त्याच्या दुकानात गमबूट, ताडपत्र्या, दोरखंड असलं सामान मिळे. मुंबईच्या गोदीतल्या लिलावात घेतलेल्या गठ्ठ्यात अशा तीन बंड्या निघाल्या होत्या. गळ्याशी पट्टी शिवलेली होती. नानांच्या मुलीने, केसरने, ती वाचली. निओप्रीन. खाली एक चित्र, लाटेवर फळी आणि फळीवर उभा माणूस.

“समुद्रात खेळणारे घालतात, नाना,” ती म्हणाली. “फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याला येतात.”

“फळीवर उभा ऱ्हास? मंग पानीमा जास कसाले?”

मगनशेठ मोठ्याने हसला. नानाही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत केसर वडिलांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हाताला सदऱ्याखालचा एकेक मणका लागत होता.

पस्तीस वर्षं नाना विहिरींत बुड्या मारत आले होते. कुणाच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह तळाच्या गाळात रुतला की अमळनेरपर्यंतचे लोक त्यांना बोलवायला येत. अंगाला तेल चोळायचं, दगड पोटाशी धरायचा आणि खाली जायचं. अंगावर लंगोटाशिवाय कधी काही घातलं नव्हतं. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून केसरला आत बोलावलं होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, “कफ आहे, नाना. औषध दिलंय.”

“मंग आखाजीले विहिरमा उतरू ना?” त्यांनी एवढंच विचारलं होतं. आखाजीची, अक्षय्य तृतीयेची बुडी त्यांनी एकाही वर्षी चुकवली नव्हती.

हाच प्रश्न तिने आत डॉक्टरांना विचारला होता. हातातला एक्स-रे पाकिटात घालत ते म्हणाले होते, “उतरू द्या. छातीला गारवा लागू देऊ नका. आणि बाई, पुढच्या वर्षाचं काही ठरवू नका.”

तिने पूर्ण बाह्यांची जाड बंडी पुढे ओढली. “ही द्या.”

“ताई, ही कशाला? वैशाखात विहिरीचं पाणी कोमट असतं,” मगनशेठ म्हणाला. “पातळ पुरे. बिनबाह्यांची.”

“वरून कोमट असतं. पुरुषभर खाली गार.”

“पुरुषभर खाले जावानं आते ऱ्हायनं कोठे,” नाना म्हणाले आणि जाड बंडी बाजूला सारली. “पातळच ले. हातले ते पानी लागू दे.”

पातळ बंड्या दोन होत्या. एकीवर छत्तीसचा आकडा होता, दुसरीवर चाळीसचा.

“ही अंगाला कातड्यासारखी बसायला पाहिजे बरं का,” मगनशेठ सांगू लागला. “ढगळ झाली तर गळ्यातून, काखेतून पाणी आत शिरतं. मग घातली काय, न घातली काय.” त्याने टेप काढला. “नाना, जरा हात वर करा.”

“मापाची गरज नाही,” केसर घाईने म्हणाली. “चाळीस द्या. त्यांना चाळीसच लागतं.”

मगनशेठने नानांकडे पाहिलं. सदऱ्याची कॉलर मानेपासून दोन बोटं सुटलेली होती. “ताई, मला वाटतं...”

“चाळीसच. नाना आधीपासून चाळीस घालतात.”

त्याने टेप गुंडाळून खिशात टाकला.

नानांनी सदरा काढला नाही. त्याच्यावरूनच चाळीसची बंडी डोक्यातून घातली आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहिले. केसर दोरखंडांकडे बघत राहिली. नानांनी आपली मूठ गळ्यातून आत घातली. रबर आणि बरगड्या यांच्यामध्ये ती सहज खाली गेली. ते तसेच काही वेळ उभे राहिले, छातीवर मूठ धरून.

मग त्यांनी बंडी काढली, नीट घडी करून ठेवली आणि छत्तीसची उचलली.

“हाई बांधी दे, शेठ.”

“नाना, ती घट्ट होईल,” केसर म्हणाली.

“माप खोटं सांगं तरी पानी फसत नई, बेटा.”

ते तिच्याकडे बघत नव्हते. सदऱ्याचं वरचं बटण लावत होते. ते लागेना, तेव्हा तिने पुढे होऊन लावून दिलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. आखाजी चार दिवसांवर आलेली. रस्त्याच्या कडेला एका कुंभारणीने घागरी मांडल्या होत्या. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, माणसामागे एक. केसरच्या माहेरी आईच्या नावाची भरत. ती दरवर्षी नानाच निवडून आणायचे.

नाना उकिडवे बसले. बोटाच्या पेराने एकेक घागर वाजवून पाहिली, कान लावून ऐकली. तिसरी त्यांना पसंत पडली. ती घेऊन उठताना त्यांनी दुसऱ्या हाताचा टेकू घेतला. केसरने हात पुढे केला, पण त्यांनी घागर दिली नाही. बुडी मारण्याआधी दगड धरायचे, तशी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“एकच लेतस का, आबा?” कुंभारणीने विचारलं.

“औंदा एकच,” नाना म्हणाले.