सीलबंद पेटी

ट्यूनिसच्या एका फोन कंपनीत अर्वानं लॅपटॉप उघडला, तेव्हा संचालक सिदी झुहैर यांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोबाइलच्या नेटवर्कमध्ये चोराला कुठून शिरता येईल, हे तपासणारा प्रोग्राम तिनं खपून लिहिला होता आणि साऱ्या जगाला खुला करून टाकला होता.

"म्हणजे फुकट?" ते म्हणाले. "फुकट ते पौष्टिक, हे लग्नाच्या जेवणाला ठीक आहे, पोरी. इथं नाही चालत. आम्ही याच कामाची पेटी पॅरिसहून विकत मागवलीय. सीलबंद!"

पेटी आली. वरचे सगळे साहेब जमले, साखरेत घोळलेल्या गरम बांबलूनी वड्यांची ताटं फिरली. बघून शहाणी व्हावी म्हणून अर्वालाही मुद्दाम बोलावलं होतं. सिदी झुहैरनी बोटांची साखर झटकून ऐटीत बटण दाबलं. पेटीनं चाचणीचं नेटवर्क उभं केलं आणि टेबलावरच्या एकूण एक फोनवर त्याचं नाव झळकलं: 'गाढव'.

अर्वानं ते नाव लगेच ओळखलं. सीलच्या आत तिचाच प्रोग्राम होता. 'वापरण्याआधी नेटवर्कचं नाव बदला' ही त्याच्या सूचनांतली पहिलीच ओळ. न वाचता उचलणाऱ्यांसाठी हे नाव तिनंच घालून ठेवलं होतं.

"पेटी बिघडलीय!" सिदी झुहैर ओरडले.

"छे हो, उत्तम चाललीय," अर्वा म्हणाली. "विकत घेणाऱ्याचं नाव दाखवतेय."