एसी किंवा किटली

कॅरॅव्हॅनची वायर खांबाला जोडताना कॅम्पवाल्याने बजावलं होतं, "इथे लोड कमी आहे. एसी किंवा किटली, एका वेळी एकच चालवा."

साठीनंतर लग्न करून दोनच महिने झालेले शैलजा आणि विद्याधर अजून एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत. "तुम्हाला उकडतंय, एसी लावा ना." "नको, आधी तुमचा चहा होऊ द्या."

शेवटी त्याच्या चहासाठी तिने गुपचूप किटली लावली आणि तिला उकडू नये म्हणून त्याने गुपचूप एसी. खट्कन वीज गेली. विद्याधर धावत जाऊन खांबावरचा खटका वर करून आला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तो धापा टाकत परतला आणि त्याचा हात परत एसीकडे वळला.

"अरे गाढवा, थांब!" शैलजा ओरडली.

मग तिने जीभच चावली. "अहो, चुकून निघालं तोंडातून..."

विद्याधर मटकन पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटला. तिलाही हसू आवरेना. हसता हसता ती त्याच्या खांद्यावर कलली.

"शैलजा," तो कसाबसा म्हणाला, "आता पुन्हा 'अहो' म्हणालीस तर बघ!"