न्हाणीला फरशी

नसीमबीनं सांध्यात पहार घातली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. ओट्याची फरशी कर्रकन सुटली. ती तिनं गोणपाटावर लोटली आणि ओढत घराच्या बाजूच्या परसात नेली. तिथं न्हाणी होती. म्हणजे कालपर्यंत एक शेवाळलेला दगड होता आणि आडोशाला हेच गोणपाट दोन मेढींना बांधलेलं होतं.

तो दगड तिनं सकाळी उपटून कुंपणाबाहेर टाकला होता. त्याच्यावरून घसरून तिची अम्मा गेली. उद्या चाळिसावा. जेवणं उरकली की नसीमबीच्या सासरची गाडी दाराशी येणार होती. मागं राहणार होती तिची भावजय ताहेराबी, सातव्या महिन्यातली. तिलाही पहाटे अंधारातच अंघोळ करावी लागे. लढाईपायी घासलेट मिळत नव्हतं, हातात चिमणीसुद्धा नसायची.

कूड उभा राहिला होता. तुराट्या विणून त्यांना शेणमाती लिंपली होती, ती अजून ओली होती. गोठ्याचा झाप काढून दाराला बांधला होता. मोरीकडं उतार धरून वाळू पसरली होती. विकत काही आणायची गरज पडली नव्हती. फरशा तर घरच्याच होत्या.

"आपा, अब्बा भूमच्या बाजारातनं येतील आता," ताहेराबी हळूच म्हणाली. "त्यांचा जीव हाय त्या ओट्यात."

"म्हाईत हाय," नसीमबी म्हणाली. "अम्माचा बी त्यातच गेला."

तिनं फरशी वाळूवर बसवली, पायानं दाबून पाहिली. हलली नाही.

अब्बा, म्हणजे बाबामियाँ, बैलांची दलाली करायचे. उन्हं डोक्यावर असतानाच ते बाजारातून परतले. सोबत नबीलाल होता, त्यांच्याच धंद्यातला. ओट्यापाशी दोघंही थांबले.

"काय भाई," नबीलाल म्हणाला, "ओट्याला वाळवी लागली का काय? निम्मा खाल्लाय की!"

बाबामियाँ हसले नाहीत. परसात आले. नसीमबीचे कोपरापर्यंत मातीनं भरलेले हात पाहिले, तिच्या पायाखालची फरशी पाहिली.

"उद्या गावोगावची माणसं येणार. ती बसतील कुठं?"

"मातीत. मयताच्या घरी मातीत बसल्यानं कुणाची इज्जत जात न्हाय."

"येडी झाली का तू? शहाबादी फरशी हाय ती! येडशीच्या टेसनावरनं गाडीत गवत घालून आणली. आन् तू बायांच्या मोरीत घालतीस?"

नसीमबी सरळ उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. ताहेराबीला त्याचीच भीती वाटली.

"अब्बा, ओटा नव्हता तवा अम्मा कवा अंघोळ करायची?"

बाबामियाँनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"दुपारी. समदं काम आवरून. मग उन्हात केस वाळवत बसायची. तुम्ही ओटा बांधला, त्यावर चार माणसं बसाय लागली, आन् तिथनं न्हाणी दिसाय लागली. एक कूड घातला असता तर भागलं असतं. रानात तुराट्या जळणाला पडल्या व्हत्या."

"मला काय ठावं, ती अशी—"

"तुम्हीच म्हणला व्हता, बायांनी उजाडायच्या आत आटपावं. म्या ऐकलंय. आन् हा ओटा दर जुम्म्याला घासायला तिलाच लावायचा."

नबीलालनं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मयताच्या गुस्लाला तिच्या अंगावर पाणी म्या घातलं, अब्बा. भवती चार नव्या चादरी धरल्या व्हत्या. पाणी कोमट व्हतं. चांगला उजेड व्हता. समदं व्हतं."

बाबामियाँच्या कपाळावरची शीर फुगली. हातातली काठी त्यांनी कुडाला टेकवली, वाकले आणि न्हाणीच्या दाराजवळच्या फरशीची कड बोटांनी धरली. ती उचलून ते परत ओट्यावर नेणार होते.

तेवढ्यात ताहेराबी त्यांच्या शेजारून गेली. पदर पुढं ओढलेला, हातात तांब्या. घंगाळं तिनं आधीच आत भरून ठेवलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती जपून पाऊल टाकत आत गेली आणि झाप ओढून घेतला.

बाबामियाँची बोटं फरशीवरून सुटली. सून आत असताना न्हाणीच्या दारात सासरा वाकून राहणार कसा? ते झटक्यानं मागं सरले. नबीलालनं तर कधीच पाठ फिरवली होती.

आत पाणी पडायला लागलं. एक तांब्या. मग थांबून दुसरा. त्यात घाई नव्हती. फरशीवर पडलेलं पाणी उतारानं मोरीतून बाहेर आलं आणि बाबामियाँच्या जोड्यांपाशी येऊन वळलं.

"आपा," आतून हाक आली. मोठ्यानं. ह्या घरात आल्यापासून ताहेराबीचा आवाज सासऱ्याच्या कानावर असा कधी पडला नव्हता. "आपा, आणखी पाणी हाय का?"

"हाय की," नसीमबी म्हणाली. तिनं मातीनं भरलेले दोन्ही हात बापापुढं धरले. "अब्बा, चुलीवरचा हंडा आणा. झापाशी ठेवा."

बाबामियाँ जागचे हलले नाहीत. नबीलाल गल्लीकडं बघत राहिला, जसं काही त्यानं ऐकलंच नव्हतं.

आत रिकाम्या घंगाळ्याच्या बुडाशी तांब्या घासला गेला. थोडा वेळ थांबून पुन्हा.