वेलचीचा शेवटचा गड्डा बोलेपर्यंत

पोफळीच्या सावलीतला वेलचीचा एक गड्डा मुळातून कुजला होता. उपटून जाळायला भिवा गावड्यांनी कुदळ उचलली.

"थांबा, मामा," सून रेवती म्हणाली. "त्याचं सांगून होऊ दे."

तिच्या हातातलं यंत्र मुळांचं बोलणं टिपत होतं. मरता मरता तो गड्डा शेजारच्या गड्ड्यांना रोगाची ओळख करून देत होता. ज्याला कळलं तो सावध होई आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटे.

"मरतानाही बडबड," भिवा कुरकुरले, पण बसून राहिले.

संध्याकाळी पडद्यावरची सगळी बाग हिरवी झाली. भिवांनी प्यायच्या तांब्यातले दोन थेंब त्या गड्ड्याच्या पिवळ्या पानावर सोडले आणि मगच कुदळ घातली.