कवितेत वारलेली बायको

कवितेतली बायको शेवटच्या कडव्यात गेली, तसं सभागृह गलबललं. कवीची खरी बायको तिसऱ्या रांगेत थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने डोळे पुसत तिलाच विचारलं, "कधी वारल्या हो यांच्या मिसेस?"

कार्यक्रम संपताच ती तडक स्टेजमागे गेली. थर्मासच्या झाकणात कोमट पाणी ओतून नवऱ्यापुढे धरत म्हणाली, "टाळ्यांसाठी मला मारलंत? वर गळा दाटून आल्याचं नाटक!"

"नाटक नव्हतं गं. तुझं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा दारापाशी बाकावर बसून लिहिली. डॉक्टर काही बाहेर येईनात."

तिने त्याचा चष्मा काढून घेतला. मग पदराने तो पुसत म्हणाली, "डॉक्टर बाहेर आल्यावरचंही कडवं लिहा की. त्यात मला उठवा, आणि उठल्या उठल्या तुमच्याशी भांडू द्या."