बांधावरचं कलम

सापळ्यातल्या मेलेल्या फळमाश्या दिराच्या अंगणात ओतायच्याच, असं ठरवून इंदुमती तरातरा निघाली. आपण झाडाझाडाला सापळे टांगायचे आणि शेजारी यांच्या बागेत माश्यांची पैदास!

बांधावरच्या हापूसच्या कलमाखाली ती थबकली. समोरून भाऊजीच येत होते. त्यांच्याही हातात सापळा, काठोकाठ भरलेला.

"तुमच्याकडच्या माश्या, वहिनी! घ्या परत!"

वाटणीपासूनचा अबोला मोडला तो असा.

"माझ्याकडच्या? मी एक झाड सोडलेलं नाही!"

"मग मी सोडलंय?"

तावातावानं पुढे आलेल्या भाऊजींचा पाय घसरला. खाली सडक्या आंब्यांचा नुसता चिखल झाला होता. हे कलम कोणाचं, यावरूनच तर सगळं बिनसलेलं. म्हणून इथले आंबे कोणी काढायचे नाहीत, पडलेले कोणी उचलायचे नाहीत, आणि सापळा तर कोणीच टांगायचा नाही.

इंदुमतीनं वाकून एक आंबा फोडला. आत अळ्या वळवळत होत्या.

तिनं तो भाऊजींसमोर धरला. मग भाऊजींनी आपला सापळा झटकून रिकामा केला आणि कलमाच्या फांदीला अडकवला.

"टोपली आणा, वहिनी. मी खड्डा काढतो. कलम कोणाचं, ते खड्डा बुजवल्यावर भांडू."